चेतनच्या पेशींबाबत

पांढुर्णा
२२ जुलै २०२५, मंगळवार

चि. केतकीस आशीर्वाद.

आज ऑफिसला हजर झालो. मंडीत आवक नव्हती. दुपारी डबा खाल्ला. येताना तुझ्या आईचे बीपीचे औषध घेतले. घरी आलो तेव्हा पोस्टमन तुझ्या संस्थेचे पाकीट देऊन गेला होता.

पाकीट तुझ्या मॅडमचे आहे. चेतनने दोन वर्षांपूर्वी संशोधनासाठी रक्त दिले होते. त्यातून वेगळ्या केलेल्या पेशी संस्थेत गोठवून ठेवलेल्या आहेत, काही वाढवलेल्या आहेत. दाता आता हयात नाही, तरी त्या पुढे ठेवाव्या की नष्ट कराव्या हे आई-वडिलांनी लेखी कळवावे, असा मजकूर आहे. तू त्याची बहीण आणि त्याच कामावर आहेस, म्हणून तुला विचारता येत नाही, असेही लिहिले आहे.

फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस. उचललास तरी आई जवळ बसलेली असते.

दहाव्याला घाटावर जे झाले ते मला पुन्हा काढायचे नव्हते. पण मॅडमना उत्तर द्यायचे तर विषय तिथूनच येतो. पिंड ठेवून आपण सगळे मागे सरकलो. कावळे नदीपलीकडे सावरगावच्या बाजूला झाडावर बसून होते. एकही आला नाही. तुझा विनोदमामा म्हणाला, "येळ लावते भाचा. आंघोळीले बी असाच लावे." दोनचार लोक हसले. महाराज म्हणाले, कोणाच्या मनात काही असेल तर बोलून टाका. कोणी म्हणाले, केतकीच्या लग्नाचं आमी पाहू रे बाबा. कोणी म्हणाले, तुह्या आईले आमी एकटं नाई सोडत. तरी आला नाही. मग तुझी आई तुझ्याकडे वळून बोलली.

"थो कसा जाईन? त्याचं रक्त हैदराबादले डब्यात जित्तं ठेवलं हाये हिनं. अर्धा इकडं जळला, अर्धा तिकडं हाये. सोड त्याले, केतकी."

सगळे तुझ्याकडे पाहू लागले. महाराजांनी शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेरवीची वाट न पाहता तू दुसऱ्याच दिवशी गेलीस. स्टेशनवर मी तुला पाण्याची बाटली घेऊन दिली. 

तुझी आई म्हणते, नष्ट करा असे लिहून टाका. माझे त्यात वेगळे काही मत नाही. अजून लिहिलेले नाही एवढेच.

एक विचारायचे होते. त्या पेशींजवळ रविवारी कोणी असते का? लाईट गेली तर काय सोय आहे? सहज विचारले.

बाबा

पांढुर्णा
६ ऑगस्ट २०२५, बुधवार

चि. केतकीस आशीर्वाद.

तुझा लांब मेसेज मिळाला. नायट्रोजनच्या टाकीला लाईट लागत नाही हे मला माहीत नव्हते. रविवारीही एक माणूस येऊन पातळी पाहून जातो हे बरे आहे.

इकडे ठीक. चेतनचा मोबाईल मी चालू ठेवला आहे. लोकांचे सरकारी ओळख क्रमांकाचे वगैरे ऑनलाईन फॉर्म तो भरून द्यायचा, त्यांचे फोन येतात. काल एक जण विचारत होता, "चेतन भैया, मेरी समग्र आईडी का क्या हुआ?" मी सांगितले, चेतन नहीं रहा. तो म्हणाला, अच्छा, तो कब तक आएंगे? मी म्हणालो, पता करके बताता हूँ. का म्हणालो माहीत नाही.

तू समजावलेले मी माझ्या पद्धतीने लिहून पाहतो, चुकले तर सांग. तुझ्या आईला सांगायचे तर आधी मला कळले पाहिजे.

पोटात असताना बाळाचे रक्त वेगळ्या प्रकारचे असते. ते करणारा जीन वेगळा आहे. जन्म झाल्यावर काही महिन्यांत तो बंद होतो आणि मोठ्यांचा जीन सुरू होतो. चेतनचा तो मोठ्यांचा जीन दोन्हीकडून सदोष, सिकलसेलचा आला, एक प्रत माझ्याकडून, एक तुझ्या आईकडून, रजनीकडून. म्हणून तो सहा-सात महिन्यांचा असताना पहिल्यांदा त्याचे हातपाय सुजले. तोपर्यंत बाळ ठीक होते, कारण तोपर्यंत पहिला जीन चालू होता.

पहिला जीन बिघडलेला नव्हता. तो शेवटपर्यंत त्याच्या अंगात होता, फक्त बंद होता.

हे मी दोनदा वाचले. तू एका ओळीत लिहिले आहेस.

बंद कोण करतो, तर दुसरा एक जीन. मी त्याला मंडीचा चौकीदार समजतो. माल आत आहे, फाटक लावलेले आहे. चौकीदाराला नोकरीवरून काढता येत नाही, कारण शरीरात बाकी ठिकाणी त्याची गरज आहे. म्हणून तुम्ही फक्त रक्त तयार होते तिथली त्याची ड्यूटी रद्द करता. मग फाटक उघडे राहते. चेतनच्या काही पेशींत तुम्ही ते केले आहे आणि त्या गोल राहतात, विळ्यासारख्या वाकत नाहीत. बरोबर आहे ना?

हे त्याच्या अंगात का करता आले नाही असे मी विचारत नाही. परदेशात आता करतात, इकडे अजून पोचलेले नाही, हे तू त्याच्यासमोरच सांगितले होतेस. त्याने वाईट वाटून घेतले नव्हते. रक्त देऊन आल्यावर तो चौकात सगळ्यांना सांगत होता, "मी पांढुर्ण्यात बेकार हाओ, पन माह्या पेशी हैदराबादले नोकरीले लागल्या. ताईले म्हटलं, पगार मागजो तुह्या मॅडमले." तुझ्या आईला पेशींचे कळले ते त्याच्याकडूनच. तेव्हा तीही हसली होती.

आता रोज संध्याकाळी विचारते, "लिवलं का?"

मी म्हणतो, लिहितो.

"तुमी लिवत नाई. तुमी नुसते लिवतो म्हनून राहिले."

बाबा

पांढुर्णा
२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

चि. केतकीस आशीर्वाद.

परवा गोटमार होती. नदीवर दोन्ही गावांची दगडफेक, त्यामुळे बाजार बंद होता. आपल्या घरी पोळा केला नाही. विनोद मोहगावहून सकाळीच आला. बहिणीला एकटे वाटू नये म्हणून आला असे म्हणाला, पण नदीकडून आरडाओरडा ऐकू आला की मान वर करायचा. शेवटी रजनीनेच सांगितले, "जाय ना पाहून ये. पन डोक्स फोडून आला तं मी पट्टी करनार नाई." तो गेला नाही.

जेवताना तुझ्या संस्थेच्या पत्राचा विषय निघाला. विनोदने त्याच्या परीने सांगून पाहिले. तुला माहीत आहे, त्याचे आयुष्य संत्र्याच्या नर्सरीत डोळे बांधून कलमे करण्यात गेले. तो म्हणाला, "ताई, आपल्या बगीच्यातलं संत्र कोनाचं हाये? पयल्या झाडाले जाऊन किती पिढ्या झाल्या. त्याचा डोया जंबेरीच्या रोपावर बांधला, त्याचा डोया काढून दुसऱ्यावर बांधला. झाड मेलं, डोया चालू हाये. कोनी म्हन्ते का झाड अटकलं म्हून?"

मला ते पटले. पेशींचे तसेच आहे असे मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी मी जेवताना काही बोललो असेन.

रजनी पोळी वाढत होती. ती म्हणाली, "झाडाले दुखत नाई."

विनोद म्हणाला, "म्हंजे?"

"माह्या लेकराले दुखे. तुमाले काय माहीत, तुमी दवाखान्यात डबा घेऊन येत. रातभर पाय चेपाले मी राहो. आता त्याचं जे तिकडं ठेवलं हाये, थे त्याचंच रक्त हाये ना? थेच दुखनारं? मंग थे तिकडं दुखून नसंन राहिलं कशावरून?"

विनोद पोळी मोडत राहिला.

एवढे दिवस मला वाटत होते की तिचे म्हणणे कावळ्याचे आहे. ते नाही. घाटावर ती जे म्हणाली ते तिला त्या वेळी सुचले ते होते. तिला हे विचारायचे आहे.

तर तू मला स्पष्ट लिहून कळव. पेशींना दुखते का? मला लहान मुलासारखे समजावू नकोस. जसे आहे तसे लिही, मी तिला तसेच वाचून दाखवीन.

बाबा

पांढुर्णा
१५ सप्टेंबर २०२५, सोमवार

चि. केतकीस आशीर्वाद.

या वेळी तू कागदावर पत्र पाठवलेस ते बरे केले. मोबाईलवरचे वाचून दाखवताना मध्येच कोणाचा तरी फोन येतो.

काल दुपारी रजनी कापसाच्या वाती करत बसली होती तेव्हा वाचून दाखवले. दुखणे पेशीत नसते. पेशी विळ्यासारखी वाकली की बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही, तिथली नस मेंदूला कळवते, तेव्हा दुखते. काचेच्या बशीत रक्तवाहिनी नाही, नस नाही, मेंदू नाही. कळवणारा कोणी नाही आणि कळणारा कोणी नाही. म्हणून दुखत नाही.

तिने नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "वाकते का पन थ्या तिकडं?"

मी म्हणालो, ज्यांचे फाटक उघडले आहे त्या वाकत नाहीत.

"अन बाकीच्या?"

"ऑक्सिजन कमी केला की वाकतात."

"कोन कमी करते?"

"तपासण्यासाठी करतात. दोन्ही प्रकारच्या पेशींना सारखाच कमी ऑक्सिजन देतात आणि कोणत्या किती वाकल्या ते मोजतात."

"मुद्दाम?"

मी हो म्हणालो. तू तसेच लिहिले होतेस.

ती वाती करत राहिली. थोड्या वेळाने तिने हात पुसले आणि म्हणाली, "मंग तिले लिवा, गोलवाल्या ठेव. थ्या बऱ्या झाल्या, त्याइले राहू दे. पन वाकनाऱ्या सोडून दे म्हना. मले मालूम हाये थ्याइले कळत नाई. मले कळते."

मॅडमच्या कागदावर दोनच चौकटी आहेत, सर्व ठेवा किंवा सर्व नष्ट करा. खाली जागा आहे. तिथे असे लिहिले तर चालते का, ते विचारून सांग.

डबीवर त्याचे नाव नसते, नंबर असतो, असे तू लिहिले आहेस. रजनी म्हणाली, "नाव बी नाई?" मी सांगितले की नियम आहे. तो नंबर तुला सांगता येत असेल तर सांग. येत नसेल तर राहू दे.

बाबा

पांढुर्णा
५ ऑक्टोबर २०२५, रविवार

चि. केतकीस आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. रागात लिहिलेला आहे, हरकत नाही.

तुझे म्हणणे मी समजून घेतले आहे. मूळच्या पेशी नसतील तर बदललेल्या पेशींची तुलना कशाशी करायची. एकाच माणसाच्या दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी असतात म्हणून फरक कळतो. मूळच्या गेल्या की दोन वर्षांचे काम मध्येच तुटते. आणि तू हेही लिहिले आहेस की हे काम तू करिअरसाठी घेतले नव्हते, त्याच्यासाठी घेतले होते. आता तो नाही, तर निदान काम तरी राहू द्या.

मी हे रजनीपासून लपवले नाही. सगळे सांगितले. ती स्वयंपाकघरात होती, तिथूनच म्हणाली, "तिचं काम हाये तं तिनं येऊन मले सांगावं. तुमी काऊन मधात पोस्टमन झाले? मी काई तिले खाऊन राहिली का?"

मी म्हणालो, ती येणार नाही, तू तिला घाटावर सगळ्यांसमोर बोललीस.

बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग बाहेर आली आणि म्हणाली, "मंग आपुनच जाऊ. मले पाह्याच्या हायेत थ्या."

मी म्हणालो, पाहू देतील की नाही विचारावे लागेल.

"इचारा. आई हाओ म्हना."

यंदा दिवाळी करायची नाही, त्यामुळे घरी थांबायचे कारण नाही. तुझी संस्था सुट्टीनंतर उघडली की येतो. सुट्टीचा अर्ज देऊन ठेवला आहे. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून मंडीत साहेब लोकांच्या बैठका वाढल्या आहेत, पण माझे कोणी अडवत नाही. आजकाल अर्ज न वाचताच सही करतात.

तुझ्या खोलीवर जागा कमी असेल तर आम्ही लॉजवर राहू. आईला खाली झोपता येत नाही, गुडघे धरतात.

बाबा

पांढुर्णा
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. केतकीस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गाडी उशिरा आली. विनोद स्टेशनवर आला होता, तो रजनीला तिथूनच मोहगावला घेऊन गेला. तिला काही दिवस तिकडे राहायचे आहे. बगीच्यात तोड चालू आहे, माणसांची वर्दळ असते. मी घरी आलो. उद्या ऑफिस आहे.

सगळे तुझ्यासमोरच झाले, तरी काही गोष्टी लिहितो, कारण मॅडमना तू हिंदीत सांगताना थोडे कमी सांगितलेस.

सूक्ष्मदर्शकातून पाहताना आई पहिल्यांदा म्हणाली, "काईच दिसत नाई, पांढरं हाये." मग तुम्ही बटण फिरवल्यावर तिला दिसले. वाकलेल्या पेशी तिने आधी पाहिल्या. गोल पेशी दाखवल्यावर तिने विचारले, ह्या त्याच्याच का? तू हो म्हणालीस. ती म्हणाली, "पोटात होता तवा अशाच असतीन." तू ते मॅडमना सांगितले नाहीस. तू खिडकीकडे गेलीस.

नंतर तू तिला तुलनेचे समजावलेस. तुझ्यावर ती चिडली नाही हे तू पाहिलेस. तिने मॅडमना जे म्हटले त्याचे तू "आई को मंज़ूर नहीं है, वो अपना खून देना चाहती हैं" एवढेच केलेस. तिचे शब्द असे होते, "माह्या लेकाच्या दुखनाऱ्या आता नका वाकवू. तो लय वाकला. माह्या घ्या. अर्धं माह्याकडून गेलं त्याच्यात अन अर्धं याइच्याकडून, दोघाइचं घ्या. आमाले काई होत नाई, आमी कोरडे राह्यलो." कोरडे म्हणजे काय ते मॅडमना कळले नसते, पण तू सांगायला हवे होतेस. आम्ही दोघे तोच दोष अंगात घेऊन इतकी वर्षे जगलो आणि आम्हाला एकदाही दुखले नाही, असे तिचे म्हणणे होते.

आमच्या पेशी त्याच्या जागी चालणार नाहीत, एकेक प्रत चांगली असल्याने त्या तशा वाकत नाहीत, दुसऱ्या कामाला उपयोगी पडतील, हे तू तिथेच स्पष्ट सांगितलेस. तरी आम्ही दोघांनी रक्त दिले. तुलनेसाठी आता दुसरा रुग्ण शोधावा लागेल आणि तुझे काम मागे पडेल. तू "चालेल" म्हणालीस. चालणार नाही हे मला दिसत होते. तरी तू म्हणालीस.

मॅडमच्या कागदावर मी चौकटी सोडून खाली मराठीत लिहिले आणि दोघांनी सह्या केल्या. बदललेल्या ठेवाव्या, मूळच्या नष्ट कराव्या.

पेशी नष्ट करायचे ते यंत्र पाहून रजनीने विचारले होते, हे काय हाये? तुझी ती डिंपल नावाची मैत्रीण म्हणाली, प्रेशर कुकर जैसा ही है आंटी, भाप से होता है. रजनी म्हणाली, "किती शिट्ट्या?" डिंपल हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला. तू तेव्हा आत डब्या आणायला गेली होतीस. रजनीही हसली होती, हे तुला कळावे म्हणून लिहिले.

गाडीत ती बरीच बोलली. रक्त काढणाऱ्या मुलीला तिची नस सापडत नव्हती. "म्हटलं सापडन, घाई नको करू. चेतनच्या बी सापडत नोत्या. एका नर्सबाईले तं तो म्हने, म्याडम, नस सापडली नाई तं परचीवर लिवून द्या, मी घरी शोधतो." हे मला माहीत नव्हते. मी त्या वेळी औषधे आणायला गेलो असेन.

नागपूर आल्यावर म्हणाली, "पोरगी वाळली." मग म्हणाली, "तिच्या खोलीत कुकरची रिंग खराब हाये, पाठवाची हाये." मी पाठवतो. साईज कळव.

तू मला दारात विचारलेस, बाबा, तुमचे काय मत होते? मी म्हणालो, तुझी आई म्हणते ते. गाडीची वेळ झाली होती. माझ्या एकट्याच्या हातात असते तर मी सगळ्या ठेवल्या असत्या. वाकणाऱ्याही. मी आधी सांगितले नाही, कारण रात्रभर पाय चेपायला मी नव्हतो, ती होती.

तो नंबर तू मला चिठ्ठीवर लिहून दिलास. पाकिटात ठेवला आहे. आता त्या नंबरच्या फक्त गोल पेशी आहेत असे धरून चालतो.

घर बंद होते म्हणून खिडक्या उघडल्या. बॅग रिकामी केली. कपडे भिजत टाकले. बाही वर करताना लक्षात आले, कोपरावरची कापसाची पट्टी मी गाडीत काढलीच नव्हती. रजनीने तिची नागपूरच्या आधीच काढून खिडकीतून टाकली होती. मी आत्ता काढली. चिकटपट्टीने केस ओढले गेले. कापसावर वाळलेला ठिपका होता. कापूस कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि कपडे धुवायला बसलो. हे पत्र त्यानंतर लिहिले आहे. कपडे आता वाळत घालायचे आहेत.

बाबा